कापलेली शांतता

तिला सगळे घाईबाई म्हणत, आणि उगीच नाही. चहा निवायची वाट बघणार नाही, जीभ पोळून घेईल. व्हिडिओ एडिटिंगच्या धंद्यात मात्र ही घाई तिच्या पथ्यावर पडली होती. कुणी बोलता बोलता थांबलं की हिची कात्री चाललीच. "रिकामी जागा दिसली की प्रेक्षक उठून जातो," असं ती ठासून सांगायची.

आजची फिल्म मात्र गिऱ्हाइकाची नव्हती, आत्याची होती. आत्या जन्मभर लेबर रूममध्ये राबलेली नर्स. घाईबाईलाही या जगात पहिल्यांदा हातात घेतलं ते तिनेच. पण घरी कामाबद्दल अवाक्षर काढेल तर शपथ! आज सहाला हॉस्पिटलच्या सभागृहात तिचा निरोप समारंभ होता. आपण काय केलंय हे आत्याला एकदा तरी डोळ्यांनी दिसावं, एवढीच घाईबाईची तळमळ होती.

फिल्ममध्ये एक खराखुरा जन्म होता. त्या जोडप्याने आनंदाने परवानगी दिली होती. संगीतासाठी तिने मोफत धुनांच्या साइटवर 'जन्म' असं शोधलं आणि शेकडो धुना ऐकून कान किटल्यावर एक व्हायोलिन सापडलं. ऐकताच अंगावर काटा आला. फक्त मध्येच ते काही सेकंद गप्प व्हायचं. रेकॉर्डिंगमध्ये काहीतरी बिघडलंय, असं धरून तिने तेवढा तुकडा छाटला, दोन्ही टोकं जोडली आणि त्या मापाने चित्रही कापलं.

दुपारची जेवणं आटोपल्यावर श्रेयनामावली टाईप करताना शेजारी बसलेला चुलतभाऊ म्हणाला, "अटी वाचल्यास का गं?" कॅमेरा त्याचा, आणि भोचकपणाही त्याचाच.

"फुकट आहे रे ते."

"फुकट आहे म्हणून बेवारस नाही." त्याने स्क्रीनवर बोट ठेवलं. वापरा, माझं नाव द्या, पण धून कापू नका, असं स्वच्छ लिहिलं होतं.

घाईबाईने घड्याळाकडे पाहिलं. दुसरी धून शोधायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर दुसरी नकोच होती. तिने संगीतकाराला मेल धाडला: एका नर्सच्या निरोपाची फिल्म आहे, मधली रिकामी जागा तेवढी काढू द्या, हात जोडते.

उत्तर तासाभरात आलं.

"ती जागा रिकामी नाही. माझी मुलगी जन्मली तेव्हा मी दाराबाहेर बाकावर होतो. आत सगळं एकदम शांत झालं, आणि मग ती रडली. हे सगळं त्यासाठीच तर रचलंय. आहे तशी वापरा, मला आनंदच होईल."

तिने ते दोनदा वाचलं. मग निमूटपणे छाटलेला तुकडा परत आणला आणि त्याच्यासोबत चित्रातला तुकडाही. त्यात आत्याचे हात होते, हातांत निळसर बाळ. आत्या त्याची पाठ चोळत होती, चोळतच होती. हेच आपण कापलं होतं!

सभागृह गच्च भरलं होतं. व्हायोलिन थांबलं आणि पडद्यावर ते हात आले. कुणी खोकलं नाही, खुर्ची करकरली नाही. डॉक्टर, आया, वॉचमन, सगळ्यांनी श्वास धरला होता. आवाज न करता माणसं अशी एकत्र बांधली जातात, हे घाईबाई आज पहिल्यांदा बघत होती. आणि मग बाळ रडलं. अख्ख्या सभागृहाचा श्वास एकदम सुटला, व्हायोलिन पुन्हा सुरू झालं आणि घाईबाईच्या डोळ्यांना धार लागली.

आत्या शेजारीच बसली होती. तिने पडद्यावरची नजर न काढता हिचा हात घट्ट धरला.

"तेवढ्यात काय काय होऊन जातं गं मनात," ती म्हणाली. "कुणाला सांगून कळलंच नसतं. म्हणून बोलले नाही कधी."

"मी ते कापलं होतं, आत्या."

आत्या हसली. "कापशील नाहीतर काय! सगळे तुला घाईबाई म्हणतात, तेव्हा मला मनातल्या मनात हसू येतं. एवढ्या वर्षांतल्या बाळांत रडायला सगळ्यात जास्त उशीर कुणी केला असेल, तर तो तूच."