चापाखालचे कोरे अर्ज

मित्रांनो, मी एक जुने पॅड आहे. तुम्ही परीक्षेला नेता तसेच, तपकिरी, वर लोखंडी चाप असलेले. माझा एक कोपरा फुगला आहे आणि पाठीवर कॉफीचा गोल डाग आहे. पण चाप अजून इतका घट्ट आहे की बोट सापडले तर कळ मस्तकात जाते. पूर्वी मला त्याचा अभिमान होता. आता लाज वाटते.

वीस वर्षे मी मिलबरी गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेले होते. लोरेटा पास्टरनाक तिथली मुख्य स्वयंपाकीण. दुधाच्या पेट्या किती आल्या, बटाटे किती सडके निघाले, हे सगळे ती माझ्यावर लिहून घेई. ती निवृत्त झाली तेव्हा शाळेने तिला भिंतीवरचे घड्याळ दिले. मला मात्र तिने स्वतःहून पिशवीत घातले. एवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

त्याच हिवाळ्यात बातमी आली की गावातल्या इस्पितळातले डायलिसिसचे केंद्र बंद होणार. आमदार व्हिटकम चोवीस वर्षे निवडून येत होते आणि त्यांनीच या निर्णयाला मान डोलावली होती. आमच्याकडे दुसरा पक्ष नावालाच आहे. व्हिटकम यांच्या पक्षाची उमेदवारी ज्याला मिळेल तो निवडून आल्यातच जमा, आणि ती उमेदवारी जूनमध्ये पक्षात नाव नोंदवलेले लोक मत टाकून ठरवतात. या वेळी त्यांच्याविरुद्ध कोरीन बाप्तिस्त उभी राहिली. ती त्याच इस्पितळातली परिचारिका. केंद्र चालू ठेवीन आणि त्यासाठी लाकूड गिरणीच्या मालकांकडून कर घेईन, असे ती कोणाचीही भीडभाड न ठेवता सांगे.

लोरेटाच्या शेजारी अर्ल डोम्ब्रोव्स्की राहतो. जन्म गिरणीत गेला, आता दिवसाआड डायलिसिस. केंद्र बंद झाले तर साठ मैल जायचे, आणि त्याला गाडी चालवता येत नाही. लोरेटा पेटून उठली ती त्याच्यासाठी.

जानेवारीत चर्चच्या तळघरात पहिली सभा झाली. कोरीनचा प्रचार सांभाळणाऱ्या ट्रेव्हरने प्रत्येकाला पक्षात नाव नोंदवायचे चाळीस कोरे अर्ज दिले. जे पक्षात नाहीत त्यांच्याकडून हे चौदा फेब्रुवारीच्या आत भरून घ्या, नाहीतर जूनमध्ये त्यांना मत देता येणार नाही, असे तो म्हणाला. पण तो हे बोलला तेव्हा मॅकरोनीच्या थाळ्या उघडल्या जात होत्या. मग कोरीन बोलली आणि माणसे रडली. अर्ज कोणाच्या डोक्यात राहणार?

लोरेटाने ते माझ्या चापाखाली अगदी तळाशी घातले. "पहिल्याच भेटीत अर्ज पुढं केला तर वाटेल विमा विकायला आलेय," ती अर्लला म्हणाली. "आधी मनं जिंकू."

आणि खरोखरच ती मने जिंकत गेली. तिच्या बुटांत बर्फ शिरे, कुत्री अंगावर येत, तरी तिने एक दार सोडले नाही. तिशीतल्या बाया, थकलेले गिरणीवाले, आयुष्यात कधी मत न दिलेली माणसे तिच्यापुढे हो म्हणू लागली. प्रत्येक होकार ती माझ्यावर लिही. चौदा फेब्रुवारीला ती प्रचाराला पैसे जमावेत म्हणून विकायला लाल साखरेची बिस्किटे करत होती. मी त्याच टेबलावर होते, अंगावर पीठ सांडलेले, आणि अर्ज माझ्या पोटाशी. मित्रांनो, मला तोंड असते तर मी किंचाळले असते.

जूनपर्यंत तीनशे बारा नावे झाली. ट्रेव्हरने ती पाहून लोरेटाला मिठीच मारली. यातले पक्षात किती, हे त्या शहाण्यानेही विचारले नाही.

मतदानाच्या दिवशी अर्लने दाढी केली आणि अंत्ययात्रांना घालायचा कोट घातला. शाळेच्या व्यायामशाळेत टेबलामागच्या बाईने यादीवरून दोनदा बोट फिरवले. नाव नव्हते. त्याच्या मागे रांगेत आमच्याच गल्लीतली अकरा माणसे होती. त्यातली नऊही यादीत नाव नाही म्हणून तशीच परत फिरली. कोरीन अठ्ठ्याऐंशी मतांनी हरली.

लोरेटाने गाडीत बसून माझा चाप उघडला. अर्ज नव्यासारखे सपाट निघाले. अर्ल खिडकीशी उभा होता. त्याने ते ओळखले.

"तीस वर्षं मत न देता घरी बसलो," तो म्हणाला, "पण माझ्या मर्जीनं बसलो होतो. आज अकरा माणसांसमोर मला घरी पाठवलं. ते तुझ्यामुळं."

लोरेटाने मान खाली घातली. मग तिने अर्ज पुन्हा माझ्या चापाखाली घातले.

सप्टेंबरात केंद्र बंद झाले. ट्रेव्हर दुसऱ्या राज्यात दुसऱ्या उमेदवारासाठी सभा भरवायला गेला. तळघरात रडलेल्यांपैकी कोणी फोन केला नाही. लोरेटा मात्र आठवड्यातून तीनदा अर्लला साठ मैल नेते, साठ मैल आणते. तिच्या गाडीत पुढच्या काचेखाली मी असते, आणि माझ्यावर औषधांच्या वेळा असतात.

मित्रांनो, मला जपा, पुसा, असे मी म्हणणार नाही. टाळ्यांच्या दिवशी सगळेच हजर असतात. कंटाळवाणा कागद तळाशी सारू नका, एवढेच माझे मागणे आहे.

परवा परतीच्या वाटेवर अर्लने आपणहून हात पुढे केला. "दे तो तुझा अर्ज."

लोरेटाने गाडी कडेला घेतली. तळातला एक अर्ज काढला.

"पुढची निवडणूक कधी आहे?" त्याने विचारले.

"दोन वर्षांनी."

"मग पेन्सिलनं भर, खोडायला बरं," अर्ल म्हणाला.

तिने तो पेननेच भरला. आणि इतका दाबून की अक्षरे माझ्या अंगावर उमटली.