घंटा कोणी घेतली ते सांगणार नाही

मित्रांनो, अंगठ्याच्या नखाहून थोडे मोठे, काळे, चौकोनी आणि चवीला कडू असे मी एक जुने गेमचे कार्ड आहे. कडूपणा हा माझा स्वभाव नव्हे. लहान मुलांनी मला गिळू नये म्हणून कारखान्यातच माझ्या अंगाला कडू लेप लावला आहे. तो अजून शाबूत आहे.

माझ्या पोटात एक गोष्ट आहे. तिचे नाव 'बोटीवरची घंटा'. एक फेरीबोट संध्याकाळी धुक्यातून एका बेटावरून दुसऱ्या बेटाकडे निघते आणि वाटेत लक्षात येते की बोटीची पितळी घंटा जागेवर नाही. खेळणाऱ्याने व्हायचे तिकीट तपासनीस. किल्ल्या जुळवायच्या, दोरांच्या गाठी ओळखायच्या, प्रवाशांना प्रश्न विचारायचे आणि बोट धक्क्याला लागायच्या आत घंटा कोणी घेतली ते शोधून काढायचे. ती कोणी घेतली हे मी तुम्हालाही सांगणार नाही. कारण पुढे कळेल.

ज्या कन्सोलमध्ये मला बसवतात तो हातात मावणारा आहे. त्याला एक बारीक मायक्रोफोन आहे आणि समोर एक कॅमेरा आहे. मी जे ऐकले आणि पाहिले ते त्यांच्यातूनच; बाकीचे मागाहून कानावर आले. मी डबीत होते त्या वेळचे मला ठाऊक नाही, आणि ते मी रचून सांगणार नाही.

सिंगापूरमध्ये मी प्रथम सेरंगूनला, वरुणच्या घरी आले. त्याच्या वाढदिवसाला त्याने मला मॉलमधून हट्टाने आणले होते. डबी उघडल्याबरोबर त्याच्या धाकट्या बहिणीने, अवनीने, मला उचलून चाटले.

"ई! यक!"

माझ्याविषयीचे ते पहिले मत.

दुसरे मत वरुणचे. दुपारी जेवून तो खेळायला बसला आणि चहाच्या वेळेला इथल्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडला, "फिनिश ऑलरेडी? सो शॉर्ट लाह!"

त्याची आई मीनल म्हणाली, "एवढा नाचलास त्या गेमसाठी आणि एका दुपारीत संपवलास? मग परत खेळ."

"आई, कोणी घेतली ते कळलं ना आता. परत काय खेळू?"

मग वरुणचे बाबा निशिकांत यांनी मला बँकेत जाता-येता MRT मेट्रोमध्ये खेळून संपवले. घरी येऊन त्यांनी इंटरनेटवर आपले मत लिहिले आणि मीनलला वाचून दाखवले. "कोडी चांगली, चित्रं सुंदर, पण सुरू होतो न होतो तोच गेम संपतो."

"आपल्या लग्नातल्या जेवणाबद्दलही तू असंच बोलला होतास," मीनल म्हणाली.

निशिकांत हसले आणि इतरांची मते वाचू लागले. कोणी लिहिले होते, फार सोपा. कोणी लिहिले होते, किल्ल्यांचे कोडे अन्यायाचे आहे. आणि बहुतेकांनी लिहिले होते, एकदा उलगडा झाला की हातात काही उरत नाही.

मला वाईट वाटले. पण त्यांचा राग आला नाही. प्रत्येकाने मला खरोखर खेळून पाहिले होते आणि जे वाटले तेच लिहिले होते. खेळून पाहणारा माणूस मिळणे हेच माझ्यासारख्याला पुष्कळ असते. त्यानंतर मात्र मी डबीत गेले आणि डबी खणात गेली. किती काळ गेला ते मला माहीत नाही.

पुन्हा उजेड दिसला तो सिंगापूरच्याच वुडलँड्स भागातल्या एका फ्लॅटमध्ये. मीनलने मला आपल्या मैत्रिणीला, नीताला, देऊन टाकले होते. नीताची मुलगी इरा चौथीत होती. बाबा प्रबोध क्वालिटी इंजिनियर. कंपनी सिंगापूरची असली तरी कारखाना कॉजवेच्या, म्हणजे समुद्रावरच्या रस्त्याच्या, पलीकडे मलेशियातल्या जोहोरला. प्रबोध आठवडाभर तिकडेच राहायचा आणि शुक्रवारी संध्याकाळी इमिग्रेशनच्या रांगेतून ताटकळत घरी यायचा.

पहिल्या शनिवारी मी जे ऐकले ते असे होते.

"शाळा कशी चाललीय?"

"ओके."

"मैत्रिणी?"

"ओके."

"आणि ते सायन्सचं प्रोजेक्ट?"

"बाबा, इट्स ओके."

असा संवाद मी पुढेही ऐकला. प्रबोधला लेकीशी बोलायचे असे, पण प्रश्न विचारण्यापलीकडे काय बोलायचे ते त्याला सुचत नसे. आणि इरा आठवडाभर साठलेले सगळे शुक्रवारपर्यंत आईला सांगून मोकळी झालेली असे. बाबांच्या वाट्याला 'ओके' उरे.

त्या दिवशी इराने मला कन्सोलमध्ये बसवले आणि किल्ल्यांच्या कोड्यापाशी ती अडली. प्रबोध मागे उभा होता. "ही दातेरी किल्ली उलटी लावून बघ," तो म्हणाला. ती लागली नाही. मग इराने दुसरी लावून पाहिली, तीही लागली नाही. दोघेही सोफ्यावर बसले. कोडे सुटले तेव्हा बाहेर दिवे लागले होते आणि इरा शाळेतल्या एका चिडक्या बसकाकांची गोष्ट सांगत होती, ती प्रबोधने विचारलेलीही नव्हती.

त्या संध्याकाळी इराने नियम केला. दोघे मिळूनच खेळायचे. एकट्याने अजिबात नाही. आठवडाभर माझी डबी फ्रिजवर राहील. मित्रांनो, मीही शनिवारची वाट पाहू लागले. दुपारभरात संपणारी मी, त्या घरात कितीतरी शनिवार पुरले. एक कोडे सुटले की ती दोघे प्रवाशांविषयी भांडत. लाल छत्रीवाल्या बाईंवर इराचा दाट संशय होता. प्रबोधला पेटीवाल्या म्हाताऱ्याचा संशय होता.

पण प्रबोधची एक सवय होती. काहीही करण्याआधी तो त्याविषयीची लोकांची मते वाचत असे. मिक्सर घेतला तेव्हा वाचली, गादी घेतली तेव्हा वाचली, इराची पाण्याची बाटलीसुद्धा त्यातून सुटली नाही. पुढे एका शनिवारी मला जाणवले की तो बदलला आहे. त्याचे अंदाज चुकेनासे झाले.

"त्या छत्रीवाल्या बाईंचं सोड," तो म्हणाला. "उगाच वेळ जाईल."

इराचा अंगठा थांबला. "का?"

"असंच. खाली इंजिनरूममध्ये जाऊन बघू या."

"बाबा, तुला कसं माहीत?"

"अंदाज गं."

"लास्ट वीक तू म्हणत होतास पेटीवाला. आता त्याचं नावच घेत नाहीस. यू ऑलरेडी नो!"

"नाही, अगं..."

"यू नो लाह!"

तिने कन्सोल सोफ्यावर पालथा टाकला आणि ती खोलीत निघून गेली. मी आतच होते. मला आता काही दिसत नव्हते, फक्त ऐकू येत होते. नीता स्वयंपाकघरातून आली असावी.

"काय केलंस?"

"रांगेत उभा होतो. म्हटलं, गेमबद्दल लोक काय म्हणतात ते जरा वाचावं. एकाने सगळंच लिहून ठेवलंय. शेवटसुद्धा."

"लेकीबरोबर खेळायचं तर परीक्षेला बसल्यासारखा अभ्यास करून आलास?"

"अगं, ती अडली असती तर? मला उत्तर यायला नको?"

"अडली असती. मग काय झालं असतं? दोघंही अडून बसला असतात. तेच तर चाललं होतं ना इतके दिवस."

प्रबोधने कन्सोल उचलून बंद केला.

नंतर मी डबीत गेले. पुढचा शनिवार माझ्याशिवायच गेला, हे मला मागाहून कळले. त्यानंतरच्या शनिवारी डबी उघडली ती प्रबोधने. कन्सोल सुरू केल्यावर मला इरा दिसली. जेवणाच्या टेबलाशी ती चित्र रंगवत होती आणि मान वर करत नव्हती.

"इरा, मी वाचलं होतं," तो म्हणाला. "तू विचारलंस तेव्हा अंदाज म्हणालो, ते खोटं होतं. शेवट मला माहीत आहे. आता तो डोक्यातून काढता येत नाही. काय करू, तूच सांग."

इराने हातातला रंग खाली ठेवला.

"ओके," ती म्हणाली. हे 'ओके' मात्र निराळे होते, कारण ती उठली होती. स्वयंपाकघरातून तिने काया टोस्टची, म्हणजे नारळाचा गोड जॅम लावलेल्या टोस्टची, ताटली आणून बाबांच्या मांडीवर ठेवली. "मी खेळणार. तू बघायचं. काही सांगावंसं वाटलं की टोस्ट खायचा."

"आणि टोस्ट संपले तर?"

"आई अजून करेल."

"आई काही करणार नाहीये," आतून आवाज आला.

त्या दुपारी प्रबोध पुष्कळ टोस्ट खात होता. इरा छत्रीवाल्या बाईंमागे लागून वेळ घालवत होती, तेव्हा त्याने लागोपाठ दोन घास कोंबलेले मी पाहिले. पण तो बोलला नाही. इरा चुकली, मागे फिरली, पुन्हा चुकली आणि शेवटी आपल्या आपण योग्य माणसापाशी पोहोचली. "हा? खरंच हा?" ती ओरडली. प्रबोधच्या तोंडात टोस्ट होता. त्याने फक्त डोळे मिटून घेतले.

मग कॅप्टन पुढे आला. पडद्यावर सगळ्यांची नावे उमटली आणि कॅप्टनने विचारले, घंटा कोणी घेतली? आजवर मला खेळलेल्या प्रत्येकाने इथे पटकन नाव दाबले होते. नाव दाबले की बोट धक्क्याला लागते, गुन्हेगाराला उतरवतात आणि मी संपते.

इराने अंगठा बाजूला घेतला.

"दाब ना," प्रबोध टोस्ट गिळून म्हणाला. "बरोबर ओळखलंयस तू."

"मी सांगितलं तर कॅप्टन त्याला पकडणार. मग त्याने का घेतली ते कधी कळणारच नाही. त्याला स्वतः येऊन सांगू दे. तू आलास ना."

प्रबोधने तिच्याकडे पाहिले. त्याला काय वाटले ते मी सांगू शकत नाही. कॅमेऱ्यात मला फक्त एवढे दिसले की त्याने ताटली खाली ठेवली आणि तो तिच्याजवळ सरकून बसला.

दोघे थांबले. कॅप्टन थांबला. पडद्यावर धुके हलत होते, दुसरे काही होत नव्हते. मित्रांनो, मला बनवणाऱ्या माणसांनी माझ्या पोटात एक वाट ठेवली होती. ती मला जन्मापासून माहीत होती, पण मला बोलता येत नाही. कोणी थांबले तरच ती उघडणार होती. इथे मी माझा नियम थोडासा मोडते आहे. कोण आले ते मात्र नाही सांगत.

डेकवर पावले वाजली.

प्रबोध ताठ बसला. "हे कुठेच लिहिलेलं नव्हतं."

पावले जवळ आली. कोणीतरी कॅप्टनशेजारी येऊन बसले आणि हळू आवाजात बोलू लागले. आणि बोट धक्क्याकडे जायची सोडून वळली.

"बाबा! आता काय होणार?"

"मला माहीत नाही."

"रिअली?"

"आईशप्पथ, मला माहीत नाही!" हे वाक्य इतक्या आनंदाने म्हणताना मी कोणाला ऐकले नव्हते. "अगं नीता, ये लवकर! बोट वळलीय!"

नीता हात पुसत आली. "तुला माहीत होतं ना सगळं?"

"नव्हतं गं!"

पुढे अजून बराच मोठा भाग होता. पुढचे काही शनिवार ती दोघे पुन्हा अडली, चुकली, भांडली. सगळे संपल्यावर प्रबोधला मत लिहायचे होते. तो सांगत गेला आणि इरा टाइप करत गेली.

"लिही, गेम लहान आहे."

"बाबा!"

"आहे ना लहान, खोटं कशाला लिहायचं? कोडी सोपी आहेत. किल्ल्यांचं कोडं वाईट आहे."

"आणि शेवट? सगळे चुकीचं लिहितायत. त्यांना सांगायला नको?"

"तुला कोणी आधी सांगितलं असतं तर?"

इराने विचार केला. मग तिने आपल्याच मनाने एक वाक्य टाइप केले आणि वाचून दाखवले. "शेजारी कोणालातरी घेऊन बसा, आणि त्याला काही वाचू देऊ नका."

आता इरा मोठी झाली आहे आणि मला खालच्या मजल्यावरच्या अनुयाला देणार आहे. मी सगळ्यांची आभारी आहे. कडू लागले तरी मला चाटून पाहणाऱ्या अवनीची, मी लहान वाटले तरी मला शेवटपर्यंत खेळणाऱ्या वरुणची, तक्रार करूनही चित्रांना सुंदर म्हणणाऱ्या निशिकांतची. आणि त्या बापलेकींची तर फारच. वुडलँड्समध्ये मी कोणाला लहान पडले नाही.

मित्रांनो, मला ओल्या हातांनी धरू नका, खेळ झाला की डबीत ठेवा, हे तर आहेच. पण त्याहून नाजूक एक वस्तू सांभाळायला सांगते. तुमच्या शेजारी बसलेल्याला जे अजून माहीत नाही, ते त्याला तसेच राहू द्या. उत्तर तुम्हाला ठाऊक असेल तर तोंडात काहीतरी धरा. आणि ठाऊक नसेल, तर तसे मोकळेपणाने सांगा आणि त्याच्याजवळ सरकून बसा.