चाळीस पावलं, मग बैस

त्या रविवारी जिनदत्तच्या पिशवीत नऊ वस्तू होत्या. पंधरा मीटरची कापडी टेप एक, होकायंत्र एक, पेन्सिली दोन, शंभरपानी वही एक, शाईचं पॅड एक, स्वतःचा लाकडी शिक्का एक, चपाती-चटणीचा डबा एक आणि वहीच्या पुठ्ठ्यात जपून घातलेलं पोस्टकार्ड एक. मनगटावरचं घड्याळ तो मोजण्यात धरत नसे, पण कुंडलच्या डोंगराच्या पायथ्याशी एस.टी.तून उतरल्यापासून त्यानं ते चार वेळा पाहिलं होतं. आठ वाजून चाळीस मिनिटं. परतीची गाडी अकराला. ती चुकली तर पुढची साडेतीनला.

पोस्टकार्ड त्याच्याच अक्षरात होतं. साताऱ्याच्या एका मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना लिहिलेलं. 'आमच्या मुलीच्या प्रकृतीमुळे आपण देऊ केलेली नोकरी तिला स्वीकारता येत नाही, क्षमस्व.' खाली अण्णांची, म्हणजे वडिलांची, तवनाप्पांची, आठवड्याच्या बाजारासारखी ऐसपैस मराठी सही. सही करून ते म्हणाले होते, "तू शास्त्र शिकलायस. तिनं हट्ट धरलाय, तर बघून ये एकदा. डोंगर चढंना झाली तर येताना कार्ड पेटीत टाक. चढली, तर मला आकडे दाखव. नुसतं 'चढली' म्हणून नको सांगू."

उत्तर उद्या सोमवारी साताऱ्याला निघायलाच हवं होतं. हे की ते, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

"तू हो पुढं," पहिल्या पायरीवर काठी टेकून गुणमाला म्हणाली. "माझ्यासाठी थांबलास की तुझा चेहरा सायडिंगला टाकलेल्या मालगाडीसारखा होतो."

"अक्का, चिठ्ठी तरी नीट लिहायचीस. दिशा एकदाच दिलीयस."

"लागते तेवढी दिलीय. जा."

गुणमाला त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी, सव्वीसची. बाराव्या वर्षी सांधेताप आला आणि जाताना हृदयाची एक झडप अधू करून गेला. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, 'चाल, पण धावू नको.' घरच्यांनी त्यातलं दुसरं वाक्य तेवढं लक्षात ठेवलं. बी.ए., बी.टी. होऊन ती दोन वर्षं सांगलीत घरी बसून होती. आणि गेल्या पावसाळ्यानंतर जिनदत्त तिला अजिंक्यताऱ्यावर घेऊन गेला, तेव्हा निम्म्या वाटेत तिचे ओठ निळे पडले. तिला चौघांनी खाली आणलं. त्या दिवसापासून साताऱ्याचं नाव घरात निघालं की सगळे जिनदत्तकडे बघत. त्यानं पाहिलं होतं ना डोळ्यांनी.

अजिंक्यताऱ्यावर ते गेले होते डब्यासाठी. हा डब्यांचा नादही जिनदत्तचाच. कॉलेजात पदार्थविज्ञानाचा डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागल्यावर वाचनालयातल्या एका जुन्या इंग्रजी मासिकात त्यानं वाचलं, की तिकडे एका ओसाड माळावर लोक डबे लपवून ठेवतात, त्यात एक वही आणि एक शिक्का असतो. खाणाखुणांची चिठ्ठी घेऊन दुसऱ्यानं तो शोधायचा, आपला शिक्का डब्यातल्या वहीत उमटवायचा, डब्यातला आपल्या वहीत, आणि डबा होता तसा ठेवून द्यायचा. लेटरबॉक्सिंग म्हणत त्याला. त्यानं आणि दोन सहकाऱ्यांनी मिळून दंडोबावर दोन, सागरेश्वरला एक, अजिंक्यताऱ्यावर एक असे चार डबे ठेवले. शिक्क्यांसाठी मिरजेच्या एका तंबोरे करणाऱ्याकडून लाकडाचे उरलेले तुकडे आणले. जिनदत्तच्या शिक्क्यावर तराजू होता. अक्काला त्यानं चेष्टेनं गोगलगाय कोरून दिली. तिनं ती हातात फिरवून पाहिली, म्हणाली, "शिंगं छान जमलीत," आणि ठेवून घेतली.

हा पाचवा डबा तिचा. दिवाळीच्या सुमारास ती दर रविवारी शेजारच्या बनुबाईंबरोबर कुंडलला पार्श्वनाथाच्या दर्शनाला यायला लागली होती. बनुबाई गावातल्या देवळात जपाला बसत. अक्का कुठं बसत होती ते कुणी विचारलं नाही. परवा तिनं चिठ्ठी त्याच्यापुढं टाकली. "डोंगरावर डबा ठेवलाय. मी ठेवलाय. तो काढ, वही वाच, मग अण्णांना काय सांगायचं ते सांग."

"तू? की कुणाकडून ठेवून घेतलास?"

"ते तू शोध. शास्त्रज्ञ तू."

जिनदत्त बावीस मिनिटांत वर पोचला. डोंगरावरच्या देवळासमोर हात जोडले न जोडले, मागच्या पिंपरणीच्या झाडाशी गेला आणि चिठ्ठी उघडली.

'पिंपरणीपासून उत्तरेला चाळीस पावलं. खाली बैस. दिसेल तिकडे साठ. बैस. दिसेल तिकडे पंचेचाळीस. बैस. हाताला लागेल.'

त्याचं पाऊल अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटरचं. कॉलेजच्या मैदानावर शंभर पावलं तीनदा मोजून त्यानं ते काढलेलं होतं. तीन 'बैस' त्यानं मनातल्या मनात खोडले. ती दमली की बसत असणार, त्याचा डब्याशी काय संबंध? एकूण पावलं एकशे पंचेचाळीस. म्हणजे एकशे तेरा मीटर. होकायंत्राचा काटा स्थिर व्हायची वाट न बघता तो निघाला.

एकशे तेरा मीटरवर घळ होती. कडेला घायपात, खाली काटेरी निवडुंग. त्यानं दगड उलथले, कपारीत हात घातला, पँट फाडून घेतली. पुन्हा पिंपरणीशी आला, पुन्हा मोजलं, जरा डावीकडे, मग जरा उजवीकडे. नऊ चाळीस. घशाला कोरड पडली होती, पण पाणी अक्काच्या पिशवीत होतं आणि अक्का अजून पायऱ्यांवर कुठेतरी.

डबा इथं नाहीच, असं वाटायला लागलं. नसेलच. कुणा पुजाऱ्याच्या हाती दिला असेल, त्यानं ठेवला असेल वाटेल तिथं. पिशवीच्या बाहेरूनच त्याची बोटं पोस्टकार्डाच्या पुठ्ठ्याला लागली आणि त्याला एकदम हलकं वाटलं, आणि मग त्या हलकं वाटण्याचाच राग आला.

"सायेब, काय हारवलंय?"

घळीच्या काठावर एक म्हातारा धनगर काठीवर हनुवटी टेकून उभा होता. मागं त्याच्या शेळ्या. नाव यल्लाप्पा, ते त्यानं न विचारताच सांगितलं.

"डबा. इथं एक बाई यायच्या का? उंच, चष्मा आहे त्यांना."

"त्या बाई व्हय! येत्यात की दर आयतवारी. लय हळू. आवं, त्या देवळापास्नं हितवर येस्तोवर माजी ही पांढरी शेळी एक बोराटी साफ करती."

"एकट्याच?"

"मग? कोन असतंय संगं? पर तुमी चुकलाय गड्या. त्या घळीकडं कवाच येत न्हाईत. त्या तितं बसत्यात." त्यानं काठीनं पिंपरणीच्या अलीकडचा एक चपटा दगड दाखवला. "तुमी दोन डाव पळत गेला त्येच्यावरनं."

जिनदत्त परत गेला. पिंपरणीपासून दगडापर्यंत त्याची एकवीस पावलं भरली. त्यानं टेप काढली, यल्लाप्पाला एक टोक धरायला दिलं, आणि दोन टप्प्यांत अंतर घेतलं. सोळा मीटर चाळीस. त्याला चाळीसनं भागलं. एक्केचाळीस सेंटिमीटर.

एक्केचाळीस! एवढं आखूड पाऊल कुणा पुजाऱ्याचं नव्हतं. लुगड्याच्या घोळात, दम राखून टाकलेलं ते पाऊल होतं.

तो दगडावर बसला, उत्तरेकडे पाहिलं, उठला.

"बुड टेकलं न्हाई तवर उटला बी!" यल्लाप्पा हसला. "निवडुंगावर बसलाय का काय?"

"काही दिसत नाही. नुसतं करवंदीचं जाळं आहे."

"त्या बाई लय येळ बसत्यात बाबा. मी तवा तंबाकू मळतो, खातो, थुकतो, तरी बसल्यालीच."

जिनदत्त पुन्हा बसला. घड्याळ उलटं फिरवून मनगटाच्या आत घेतलं. पाय आपोआप हलत होते, ते त्यानं हातांनी दाबून धरले. पहिलं मिनिटभर करवंदीशिवाय काही दिसेना. मग श्वास खाली आला, मान जरा कलली, आणि जाळ्याच्या बुडाशी, शेळ्यांनी खाऊन खाऊन केलेली एक कमान दिसली. कमानीच्या पलीकडे गारगोटीचा पांढरा पट्टा. उभ्या माणसाला तो दिसणं शक्यच नव्हतं. तो उभा राहिला: दिसेना. बसला: दिसला.

"च्या मारी," तो म्हणाला.

साठ पावलं, प्रत्येकी एक्केचाळीस सेंटिमीटर: चोवीस मीटर साठ. टेपेनं मोजत गेला तर नेमका गारगोटीवर, आणि तिथं बसायजोगा दुसरा दगड. या वेळी तो लगेच उठला नाही. तिथून पूर्वेला, खडकाच्या एका ओठाखाली, सावलीत एकावर एक ठेवलेले तीन गोटे दिसले. अठरा मीटर पंचेचाळीस. तिसरा दगड त्यांच्या शेजारीच होता. तो त्यावर बसला, उजवा हात सहज बाजूला टेकला, तर बोटं कपारीत गेली. गार पत्रा लागला.

मेणानं बंद केलेला चहाचा डबा. आत गोगलगाय, आणि एक पातळ वही.

'२५ ऑक्टोबर. साठ पायऱ्या. नाडी १२४. परत.'

'१ नोव्हेंबर. एकशेदहा पायऱ्या. नाडी ११८. परत. बनुबाईंना सांगितलं, देवळात गर्दी होती.'

'८ नोव्हेंबर. देवळापर्यंत. विसावे १९. नाडी ११२.'

'१५ नोव्हेंबर. विसावे १७. नाडी १०६. पिंपरणीवर हरियाल, सात.'

पुढं आणखी तीन रविवार होते. तीन ओळी, तिच्या गोल अक्षरात. शेवटची ६ डिसेंबरची: 'डब्यापर्यंत. विसावे ११. नाडी ९०. जिन्या आला तर घळीकडे जाणार.'

त्यानं वही दोनदा वाचली. मग अजिंक्यताऱ्याचा हिशेब आठवला. त्या दिवशीची त्याची वही घरी होती, पण आकडे पाठ होते. पहिली दोनशे पावलं, दोन मिनिटं वीस सेकंद. ती त्याचीच गती होती. अक्का त्याच्या मागोमाग होती, कारण तो दर वळणावर वळून म्हणत होता, 'चल गं, चल ना.' तिचा आकडा त्यानं कधी घेतलाच नव्हता.

दहा वाजून वीस मिनिटं. देवळाच्या बाजूनं तिची काठी ऐकू आली. तो उठला आणि धावत पिंपरणीशी गेला.

"सापडला?" तिच्या कपाळावर घाम होता. ओठ होते तसेच होते. तो ओठांकडेच बघत होता.

"सापडला. पाणी दे आधी."

"घळीत गेला होतास." तिनं त्याच्या फाटक्या पँटकडे पाहिलं.

"गेलो होतो."

"दोन डाव!" यल्लाप्पा लांबून ओरडला.

ती हसली आणि निघाली. जिनदत्त तिच्या शेजारून चालायला लागला. हे काम सोपं नव्हतं. त्याचा गुडघा दर पावलाला पुढं पळायला बघे, तो त्याला मागं ओढी, तोल जाई. दहाव्या पावलानंतर कुठं जमलं. चाळीस झाली. दोघं चपट्या दगडावर बसली.

"उठू नको एवढ्यात," ती म्हणाली. "ऐक."

कमानीतून वारा येत होता. खाली ऊस, त्यापलीकडे लांब कृष्णेची एक चकाकी. कुठेतरी एक शेळी बोराटी ओरबाडत होती, तिचा करकर आवाज. जिनदत्तच्या मनगटाच्या आत घड्याळ टिकटिकत होतं. त्यानं ते पाहिलं नाही, पण पाहायचं नाही हे त्याला आठवत राहिलं.

"अकराची गाडी जाईल," तो म्हणाला.

"जाईल."

साठ पावलं. बसली. पंचेचाळीस. तिसऱ्या दगडावर दोघांना दाटीवाटीनंच जागा झाली.

"मनगट दे," तो म्हणाला. घड्याळ बाहेर काढून त्यानं पूर्ण मिनिट मोजलं. अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलं नाही.

"आता तुझं."

"माझं कशाला?"

"तूच सांगतोस ना पोरांना, तुलनेला दुसरा नमुना पाहिजे म्हणून. आण इकडं."

तिची बोटं थंड होती. मोजून झाल्यावर तिनं आकडा सांगितला. त्यानं पुन्हा मोजायला लावलं. तोच आला.

तिनं गोगलगाय शाईत दाबून त्याच्या वहीत उमटवली. त्यानं तराजू तिच्या वहीत उमटवला. मग वहीच्या पुठ्ठ्यातून पोस्टकार्ड काढून त्यानं ते डब्यात, वहीखाली, ठेवलं.

"ते काय?" गुणमालानं विचारलं. वाचून पाहिलं, अण्णांची सही ओळखली. "आणि अण्णांना काय दाखवणार?"

"ते म्हणाले होते, नुसतं 'चढली' म्हणून नको सांगू."

झाकणाला मेण लावायचं काम तिच्याकडे देऊन त्यानं शंभरपानी वहीतलं एक कोरं पान फाडलं, गुडघ्यावर ठेवलं आणि पेन्सिलीनं, खाडाखोड न करता, लिहिलं:

'रविवार, १३ डिसेंबर १९६४. कुंडल, पायथा ते डबा. विसावे दहा. वेळ एक तास अठ्ठावन्न मिनिटं. पोचल्यावर नाडी, मिनिटाला: गुणमाला, अठ्ठ्याऐंशी. जिनदत्त, शहाण्णव.'