रद्द झालेली किल्ली

मी एक जुनी किल्ली आहे, मित्रांनो. खिशात खुळखुळणारी नव्हे. संगणकातली, आकड्यांची आणि अक्षरांची एक लांबलचक ओळ. आता माझ्याने एकही दार उघडत नाही.

माझी मालकीण प्रोग्रॅम लिहिते. एका रुग्णालयात डायलिसिसला येणाऱ्यांचे नंबर तिचाच प्रोग्रॅम लावतो. त्या प्रोग्रॅमची प्रत्येक जुनी प्रत, प्रत्येक दुरुस्ती जिथे जपून ठेवतात, त्या कोठारासाठी माझा जन्म झाला. पुढे रुग्णालयात नंबर दाखवणाऱ्या पडद्याचं दार उघडायचं कामही तिने माझ्याच गळ्यात घातलं. दर दाराला वेगळी किल्ली करायला तिला सवड कुठली? "बघू नंतर," म्हणायची. मला मात्र मूठभर मांस चढलं.

मला सांभाळायला एक राखणदार होता, तोही एक छोटासा प्रोग्रॅमच. कोठाराने मागितलं की तो मला पुढे करी. फार भोळा. एके दुपारी कुणा अनोळखी माणसाने मालकिणीला एक लिंक धाडली. हे वापरून बघा, काम सोपं होईल, म्हणाला. तिने ती उघडली. लिंकमध्ये एक न दिसणारं चिन्ह दडवलेलं होतं. त्याने चोराचा पत्ता कोठाराचाच भासला आणि राखणदाराला वाटलं, आपलंच कोठार मागतंय. त्याने माझी नक्कल सरळ चोराच्या हाती दिली. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. त्या दिवशी ते फार सललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोठारात तिने न केलेली एक दुरुस्ती दिसली. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, आधी किल्ली रद्द कर. पण मी गेले की पडदाही बंद पडणार, आणि तिकडे माणसं नंबराची वाट बघत बसलेली. मला ठेवावं, तर चोर आत शिरून नंबरही बदलू शकणार. शेवटी तिने रुग्णालयातल्या सिस्टरना फोन लावला आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं.

"बंद करा तुम्ही," सिस्टर म्हणाल्या. "आज आम्ही फळ्यावर नंबर लिहू. उशीर झाला तर माणसं समजून घेतील. नंबरांचा घोळ झाला, तर एखाद्याच्या जिवावर बेतेल."

तिने मला रद्द केलं. चोराच्या हातातही मी नुसती अक्षरं उरले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? त्या दिवशी सगळ्यांना उशीर झाला, पण नंबर कुणाचाच चुकला नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू विनवतात, आम्हाला टाकू नका. माझी विनवणी उलटी आहे. दर दाराला वेगळी किल्ली करा, आणि शंका आली की ती रद्द करायला कचरू नका. मालकिणीने आता तशा नव्या किल्ल्या केल्या आहेत, ठरलेल्या मुदतीनंतर आपोआप रद्द होणाऱ्या. त्यांतली एकही माझ्याइतकी जुनी होणार नाही, आणि मला त्याचंच समाधान आहे.