बाजूला फेकणारी बंदूक

माझ्या नवऱ्याच्या शिकारीच्या एकाही शर्टाला मूळचं शेपूट, म्हणजे पाठीमागचा खालचा घोळ, नाही. हिरव्या चौकड्याच्या फ्लॅनेलला कमरेखाली आमच्या स्वयंपाकघराच्या जुन्या पडद्यावरची पिवळी फुलं आहेत, तांबड्याला उशीचा अभ्रा आहे, आणि करड्याला माझ्या बहिणीच्या लग्नातल्या झग्याचं उरलेलं निळं साटिन. हार्लन शर्ट आत खोचतो तोवर ठीक. चर्चमध्ये काही उचलायला वाकला की मागच्या बाकावरच्या बायकांना एकदम खोकला येतो.

हे सगळं कॅम्पच्या, म्हणजे रानातल्या आमच्या शिकारीच्या झोपडीच्या, नियमामुळे. हरणावर गोळी झाडली आणि चुकली, तर संध्याकाळी सगळ्यांसमोर पाठ करून उभं राहायचं, शर्टाचं शेपूट कापून घ्यायचं, आणि ते नावासकट तुळईवर खिळ्याने ठोकायचं. कात्री माझ्या सासऱ्यांच्या, ओन्नींच्या ताब्यात असते. तुळईवर माझ्या धाकट्या दिराची, केनीची दोन शेपटं आहेत. अगदी टोकाला धुराने काळं पडलेलं एक आहे, त्याचं नाव आता वाचता येत नाही. मधली सगळी तुळई हार्लनची.

दोष बंदुकीचा, असं हार्लनचं ठाम मत. बंदूक त्याच्या वडिलांकडून आलेली, जुनी, लिव्हरची. मुठीखालचा दांडा पुढे ढकलून मागे ओढला की झाडलेलं काडतूस वरच्या अंगाने मागे उडतं आणि पुढचं आत बसतं. मग चाप ओढायचा. मग परत दांडा. यात चुकण्यासारखं काय आहे असं कुणालाही वाटेल. हार्लन म्हणतो, नळी गोळी डावीकडे ओढते.

यंदा शेजारच्या डार्लीनने नवरा, रे, वारल्यावर घर आवरायला काढलं, आणि त्याची रायफल बाहेर आली. तीही लिव्हरचीच, पण नव्या घडणीची. मागे रबराची गादी, वर दुर्बीण बसवायची सोय, आणि काडतूस वरून न उडता उजव्या बाजूने बाहेर पडणारं. रेने ती एकच हंगाम वापरली होती.

"हंगामाच्या पहिल्या दिवशी घेऊन जा," डार्लीन म्हणाली. "पटली तर ठेव. नाही पटली तर माझा जावई टपून बसलाच आहे."

त्या दिवसापासून दोन्ही बंदुका आमच्या जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी झोपल्या आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायला लागलो. हार्लन एक उचलायचा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरायचा, खाली ठेवायचा, दुसरी उचलायचा.

"हिचं लाकूड बघ," तो म्हणायचा.

"छान आहे."

"आणि हिचं?"

"तेही छान आहे."

"तुला यातलं काही कळत नाही, आर्डिस."

"मग विचारतोस कशाला?"

"तुझ्याशी बोललं की माझं मला कळतं."

पण त्याचं त्यालाही काही कळत नव्हतं. केनी आला, दोन्ही बंदुका बघितल्या, मी केलेली पेस्टी, मांस-बटाट्याची मोठी करंजी, उभ्यानेच खाल्ली आणि म्हणाला, "नवीच घे. फक्त घ्यायच्या आधी सांग, मला कॅम्पची तुळई लांबवायला लागेल."

हार्लन हसला नाही. केनी गेल्यावर तो बराच वेळ टेबलाच्या कडेला अंगठा घासत बसला.

"मी ठरवलंय," तो म्हणाला. "जुनीने चुकलो तो जुनीचा दोष. नवीनेही चुकलो, तर दोष माझा. मग कॅम्प बंद. नोव्हेंबरात घरी बसेन, तुला मदत करेन."

"कसली मदत?"

"असेल ती."

हे मला मुळीच परवडणारं नव्हतं. एक तर नोव्हेंबरचे ते दोन आठवडे माझे असतात. मी पलंगावर आडवी-तिडवी झोपते, रात्रीच्या जेवणाला पॉपकॉर्न खाते, आणि घरात कुणी बिजागऱ्यांना तेल घालत फिरत नाही. पण ते जाऊ दे. आदल्या संध्याकाळी हार्लन कॅम्पला निघतो तेव्हा पिशवी चार वेळा भरतो आणि चार वेळा उपसतो, आणि गाडी वळेपर्यंत हात हलवत राहतो. तेवढा वेळ तो पन्नाशीचा दिसत नाही. ते चेहऱ्यावरचं जे काय आहे ते मला जायला नको होतं.

आणि ते जाणार हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण तो कुठल्याही बंदुकीने चुकत नव्हता. तो गोळीच झाडत नव्हता.

काही वर्षांपूर्वी पहिल्या दिवसाचा स्वयंपाक करायला मी कॅम्पवर गेले होते, तेव्हा त्याची कानटोपी शेगडीजवळ वाळत घालताना कानाच्या घडीतून टणकन एक काडतूस पडलं होतं. अख्खं, न झाडलेलं, शेगडीपासून हातभर अंतरावर. आधी मी झोपडीतून बाहेर पळाले. मग परत आत आले आणि विचार करायला लागले. दुसऱ्या दिवशी कॉफी पोचवायच्या निमित्ताने त्याच्या लपणाशी गेले, तर ज्या ओंडक्याला टेकून तो बसतो त्याच्या मागे बर्फात उंदराच्या बिळांसारखी गोल भोकं. प्रत्येक भोकात एक काडतूस. सगळी अख्खी.

हरीण दिसलं की माझ्या नवऱ्याच्या डोक्यातली वीज जाते. तो नेम धरतो, दांडा मारतो, नेम धरतो, दांडा मारतो, आणि बंदूक रिकामी होईपर्यंत चापाला बोटच लावत नाही. याला आमच्याकडे हरीणताप म्हणतात, भल्याभल्यांना येतो. पण त्यांना तो एकदा येतो आणि उतरतो. हंगामाच्या पहिल्या दिवशी सगळं रान तडतडत असतं, त्यामुळे कुठला बार कुणाचा कुणी बघत नाही, आणि हार्लनला तर मनापासून वाटतं की आपणच झाडतोय.

हे त्याला कसं सांगायचं ते मला सुचलं नाही. मी ती काडतुसं पुसली आणि गुपचूप पेटीत परत ठेवली. तेव्हापासून दर वर्षी जाऊन वेचते आणि ठेवते. एकच पेटी इतकी पुरते याचं हार्लनला फार कौतुक. "पूर्वीचा माल," म्हणतो. नळी साफ करताना चिंधी पांढरीशुभ्र निघते, त्याचंही कौतुक.

बिचारी जुनी बंदूक सगळा दोष अंगावर घेऊन गप्प होती. नवीकडून मला ती अपेक्षा नव्हती.

आणि मग हार्लनने कहर केला. "तू माझ्याबरोबर लपणात बस," तो म्हणाला. "गोळी कुठे लागते ते बघ. साक्षीदार पाहिजे. मी नेम धरलेला असतो, मला कळत नाही."

"मला थंडी सोसत नाही."

"चादर घे."

"मला शिंक येते."

"आली की दाबून धर. आर्डिस, हा निकालाचा प्रश्न आहे."

तर पंधरा नोव्हेंबरला उजाडता उजाडता मी नारिंगी जाकीट घालून त्याच्या उजव्या हाताला, चादर मांडीवर पसरून बसले होते. हार्लनने करडा शर्ट घातला होता, साटिनवाला. मोठी हरणं याच शर्टाला येतात, असं त्याचं गणित आहे. आजूबाजूच्या रानात बार सुरू झाले होते. आमच्यासमोर एक खार शेंडे खुडत होती.

मग देवदारांतून तो आला. चांगला दांडगा नर, डोक्यावर शिंगांची जाळी. साठ-सत्तर पावलांवर येऊन बाजू करून उभा राहिला, जणू त्याला फोटोसाठी बोलावलं होतं.

हार्लनचा श्वास थांबला. बंदूक वर गेली. खटक, खटक. माझ्या चादरीवर काहीतरी पडलं. खटक, खटक. आणखी एक. नवी बंदूक बाजूला फेकत होती, आणि तिच्या बाजूला मी होते. एक हातमोज्यावर पडलं, एक कॉफीच्या झाकणात, एक माझ्या कॉलरमधून आत गेलं आणि इतकं गार होतं की मी किंचाळायचीच बाकी राहिले. मग बंदूक रिकामी झाली आणि सगळं शांत झालं.

"लागली का?" हार्लन कुजबुजला.

"नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही."

नर अजून तिथेच उभा होता. त्याने आमच्याकडे बघून एक कान हलवला. हार्लनने मान वळवली, माझ्याकडे काहीतरी सांत्वन मागायला, आणि त्याला माझी मांडी दिसली.

"हे काय आहे?"

"काडतुसं."

"कुणाची?"

"माझ्याकडे बंदूक नाहीये, हार्लन."

त्याने एक उचललं, फिरवून बघितलं, टोकाला बोट लावलं. गोळी जागच्या जागी होती.

"तरीच," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं नवी आहे म्हणून आवाज कमी करते."

नराला आमचा कंटाळा आला आणि तो सावकाश चालत निघून गेला. घाबरून शेपटी वर करायचीही तसदी त्याने घेतली नाही.

"जुनीचंही असंच व्हायचं?" हार्लनने विचारलं.

"ती मागे फेकायची. तुला दिसायचं नाही."

"पण तुला माहीत होतं."

"पेटी संपत नाही याचं तुला कधी काही वाटलं नाही का रे?"

"पूर्वीचा माल," तो म्हणाला.

कॅम्पवर परतताना तो पुढे आणि मी मागे. मला त्याची पाठ तेवढी दिसत होती. आता दोनच रस्ते होते. खरं सांगायचं, म्हणजे शेपूट वाचलं असतं, कारण ज्याने गोळीच झाडली नाही तो चुकला कसा? पण मग केनी, केनीची मुलं आणि पुढे त्यांची मुलं, सगळ्यांना जन्मभर पुरेल असा खाऊ मिळाला असता. नाही तर चुकलो म्हणायचं, आणि चुकलो म्हणजे कॅम्प बंद, हे त्याचं त्यानेच ठरवलेलं.

संध्याकाळी सौनातून, वाफेच्या खोलीतून, बाहेर आल्यावर केनीने विचारलं, "काय मग? नवी कशी चालते?"

हार्लनने माझ्याकडे बघितलं. मी बटाटे सोलत राहिले. त्याने शर्ट बाहेर ओढला, पाठ फिरवली आणि म्हणाला, "बाबा, कात्री आणा."

केनी इतका हसला की त्याला बाकावर बसावं लागलं. "साटिन," तो म्हणत होता, "यंदा साटिन." ओन्नी काही न बोलता कापत होते. ऐंशी उलटले तरी हात थरथरत नाही त्यांचा. कापून झाल्यावर त्यांनी ते निळं शेपूट ठोकायच्या आधी माझ्या हातात दिलं, उगीचच, आणि भांडी पुसायला माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"पोरी, नवी बाजूला फेकते का?"

"बाजूला, बाबा."

"तुझ्या अंगावर पडली असतील."

माझ्या हातातली बशी पाण्यात सुटली. "तुम्हाला माहीत होतं?"

"मला ऐकू कमी येतं," ओन्नी म्हणाले. "दिसतं नीट. तू यायला लागायच्या आधी मीच वेचायचो."

मी तुळईच्या टोकाकडे, त्या काळ्या शेपटाकडे बघितलं. "बाबा, ते टोकाचं कुणाचं हो?"

त्यांना ऐकू आलं नाही.

शेपूट ठोकायला देण्यापूर्वी मी त्याचा एक कोपरा कापून घेतला. कॅम्पच्या सुईने हार्लनच्या उजव्या हातमोज्याच्या चापाच्या बोटाला तो शिवून टाकला, चकचकीत निळा, कितीही वीज गेली तरी दिसेल असा. सकाळी त्याने हातमोजा चढवला आणि बोट वाकवून बघितलं.

"आणखी एकच दिवस," तो मला म्हणाला. "मग बघू, येतो का पुढच्या वर्षी." आणि रेची बंदूक माझ्या हातात दिली. "ही डार्लीनला परत कर. चांगली आहे म्हणावं, फार चांगली आहे."

"चांगली आहे तर ठेव ना," केनी म्हणाला.

"ही बाजूला फेकते."

"मग बिघडलं काय?"

"मला मागे फेकणारी बरी वाटते." आणि जुनी बंदूक खांद्याला लावून तो निघाला. जाताना पुटपुटत होता, दांडा, चाप, दांडा, चाप.

मी कॉफी टाकली. कॉफी उकळायच्या आत लपणाच्या बाजूने एक बार झाला. एकच. मग काही नाही. ओन्नींनी खुर्चीतून मान वर केली.

"ऐकू आलं," ते म्हणाले.

थोड्या वेळाने हार्लन बर्फातून धावत आला. पन्नाशीच्या माणसाने एवढ्या बर्फात धावू नये, पण धावत आला. टोपी तिरकी झाली होती आणि अंगाला बंदुकीच्या जळक्या दारूचा वास येत होता. मी लग्नानंतर पहिल्यांदाच त्याच्या अंगाचा तो वास घेत होते.

"चुकला," तो दारातूनच म्हणाला. "साफ चुकला. झाडाची साल उडाली, मी बघितली. स्वतः बघितली."

"मग नाचतोस कशाला?" केनीने विचारलं.

पण हार्लनला ते ऐकूच गेलं नाही. त्याने शर्ट बाहेर ओढला, पाठ केली, आणि मग सगळ्यांच्याच लक्षात आलं की तिथे आता कापायला काही नाही. ओन्नी कात्री घेऊन त्याच्याभोवती एक फेरी मारून आले. बराच विचार केला. मग त्यांनी पुढून कापलं. हार्लन छाती पुढे काढून उभा होता, पदक लावून घ्यावं तसा.

दुपारी त्याने पेटी उघडून मला दाखवली. एक जागा रिकामी होती. "नवी पेटी आणायला हवी पुढच्या वर्षी," तो म्हणाला, आणि टेबलाशी बसून नळी पुसायला लागला. काळीकुट्ट चिंधी निघाली की प्रत्येक वेळी मला हाक मारून दाखवत होता.

करड्या शर्टाचा पुढचा भाग मी अजून शिवलेला नाही. साटिन संपलं. पण बंदूक परत द्यायला गेले तेव्हा डार्लीन दिवाणखान्याचे पडदे काढत होती, चांगले जाड, त्यावर बदकं आहेत. तिच्याकडे मागून बघते.