गॉर्डन प्रिचेटचं खुब्याचं हाड

गॉर्डन प्रिचेट थायलंडातल्या हुआ हिनमध्ये सतरा वर्षं राहिला आणि तेवढ्या काळात त्याला थाई भाषेतले सहा शब्द आले. त्यातले दोन बिअरचे. तरी आमच्या परदेशी रहिवासी मंडळाचा अध्यक्ष तोच, कारण त्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता आणि बाकीच्यांना कमी ऐकू यायचं.

मंडळ दर बुधवारी अकरा वाजता समुद्राकाठच्या एका हॉटेलात भरायचं. पंधरा-वीस म्हातारे, चार-पाच म्हाताऱ्या. मीही त्यातलीच. माझं नाव नोरीन, आयर्लंडातल्या कॉर्कची, चाळीस वर्षं नर्स म्हणून राबलेली. नवरा कोल्म इथेच गेला, त्याला सहा वर्षं झाली. मी परत गेले नाही. तिकडे आता थंडी सोडून माझं कोणी नाही.

बैठकीतले विषय ठरलेले. व्हिसाचे कागद, दर नव्वद दिवसांनी पत्ता कळवायला जायचं ती रांग, गुडघे, लघवी, खरं चेडर चीज कुठल्या दुकानात मिळतं, आणि थाई लोक किती आळशी. हा शेवटचा विषय थंड पाण्याचे ग्लास आणून देणाऱ्या बायांसमोरच चालायचा. त्यांना इंग्रजी कळत नाही अशी मंडळाची पक्की समजूत होती. मागवलेली ऑम्लेटं मात्र बरोबर यायची.

नवा कोणी आला की गॉर्डन त्याला शेजारी बसवून घ्यायचा आणि धडा द्यायचा. "पहिली गोष्ट. आजारी पडलास तर खाजगी दवाखान्यातच जायचं. सरकारी दवाखान्यात माणूस आडवा आत जातो आणि आडवाच बाहेर येतो. मी तर तिथे माझं कुत्रंसुद्धा नेणार नाही." एवढं बोलून तो खिशातलं विम्याचं कार्ड काढून टेबलावर ठेवायचा आणि त्यावर टिचकी मारायचा. नवा माणूस मान डोलवायचा. आम्ही जुने लोकही डोलवायचो, लाज वाटायला हवी होती ती वाटायची नाही.

गॉर्डनला मंडळात आणून सोडायची सुमाली. वय एकोणसाठ, अंगाने काटकुळी. ती मोटारसायकल चालवायची आणि हा सहा फुटी धिप्पाड गडी मागे बसून तिची कंबर घट्ट धरायचा. चौदा वर्षं ती त्याच्या घरी होती. दोघं एका पलंगावर झोपतात हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. मंडळात मात्र ती "माझी कामवाली". सुमाली हे नाव त्याला लांब पडायचं म्हणून त्याने त्याचं "सू" करून टाकलं होतं. बैठक संपेपर्यंत ती बाहेर रसाच्या गाडीपाशी स्टुलावर बसायची. आत ये असं तिला कधी कोणी म्हणालं नाही. मीही नाही.

नोव्हेंबरात मंडळाचा वर्धापनदिन होता. हॉटेलातल्या बाया पताका लावायला निघाल्या, तर गॉर्डन म्हणाला, "राहू दे. यांना सरळ रेघेत काही लावता येत नाही." आणि शहात्तर वर्षांचा हा इसम स्वतः खुर्चीवर चढला. पताकेचं एक टोक लागलं, दुसरं लावायला तो वाकला, आणि खुर्चीसकट धाडकन खाली आला.

मी पाय बघितला. उजवा पाय आखूड झालेला, पाऊल बाहेर वळलेलं. माझ्या हाताखालून असे दोनशे तरी पाय गेले असतील. खुब्याचं हाड मोडलं होतं.

खाजगी दवाखान्यात पोचल्यावर काउंटरवरच्या मुलीने कार्ड मशीनमध्ये घालून बघितलं, परत घालून बघितलं आणि अदबीने त्याच्या छातीवर ठेवलं. पंचाहत्तरी झाली त्याच महिन्यात विमा बंद झाला होता. गॉर्डनला ते माहीत होतं. सव्वा वर्ष तो त्या मेलेल्या कार्डावर टिचकी मारत होता.

"काहीतरी चूक झाली असेल," तो छताकडे बघत म्हणाला.

त्याला सरकारी दवाखान्यात न्यायचं ठरलं. मंडळाचा खजिनदार बर्नार्ड तिथवर आला होता. त्याने गॉर्डनची टोपी माझ्या हातात दिली, "बुधवारी कळव गं काय झालं ते" म्हणाला आणि निघून गेला. बाकीचे हॉटेलातच थांबले होते. केक कापायचा राहिला होता ना!

पुरुषांच्या त्या वॉर्डात तीस खाटा, वर पंखे, आणि प्रत्येक खाटेखाली एक चटई. चटईवर रोग्याचं माणूस. तिथे रोग्याला भरवायचं, पुसायचं, कुशीवर वळवायचं काम घरच्यांचं, नर्सेसना सुया आणि जखमा पुरतात. सुमालीने आल्या आल्या चटई मिळवली, प्लास्टिकची बादली आणली, शेजारच्या खाटेवरच्या कोळ्याच्या बायकोशी ओळख केली. मी चाळीस वर्षं वॉर्ड चालवलेली बाई, पण तिथे मला सांगण्यासारखं काही उरलं नाही.

नर्स कागद घेऊन आली. ती थाईत बोलत होती, मला तेवढं कळायचं. "आजोबांचं कोण आहे? नातेवाईक?"

"मुलगा आहे, इंग्लंडात," सुमाली म्हणाली.

"मग मावशी, तुम्ही कोण?"

"मी नोकर."

नर्सने तिच्याकडे पाहिलं, चटईकडे पाहिलं, गॉर्डनच्या उशाशी ठेवलेल्या चष्म्याच्या डबीकडे पाहिलं. "नोकराची सही चालत नाही हो. उद्या सकाळी ऑपरेशन, भूल द्यायच्या आधी घरच्याची सही लागते. आजोबांना आत्ताच दुखण्याचं इंजेक्शन दिलंय, त्यांची सही मी घेऊ शकत नाही."

"मी काय करू? ते चौदा वर्षं सगळ्यांना हेच सांगतात," सुमाली शांतपणे म्हणाली आणि बादली घासायला बसली.

मी बाहेर जाऊन इंग्लंडातल्या लेस्टर शहरात गॉर्डनच्या मुलाला फोन केला. तो गाडी चालवत होता. "बाबा नेहमी म्हणतात की तिथलं सगळं त्यांना कळतं," तो म्हणाला. "बघू दे की त्यांनाच. मला ईमेल टाका." तेवढ्यात त्याला वळण आलं आणि फोन बंद झाला.

मी परत आले तर गॉर्डन कुरकुरत होता. "काय म्हणतेय ती नर्स? कसला घोळ घालताहेत?"

मी सांगितलं.

"मग सूला सांग ना सही करायला!"

"ती नोकर आहे, गॉर्डन. तूच म्हणतोस."

"बायको आहे म्हणून सांग त्यांना."

"मी का सांगू? तोंड तुला आहे. खुबा मोडलाय, जीभ नाही."

तो खालच्या आवाजात म्हणाला, "बायकोला शब्द काय आहे?"

चौदा वर्षं! रोग्याला छळायची माझी रीत नाही, पण त्या दिवशी मी जरा वेळ लावला. आधी त्याच्या टोपीची धूळ झटकली. मग म्हणाले, "फनरया. नर्सकडे बघून बोल, आणि मोठ्याने."

गॉर्डनने मान उचलली, सुमालीकडे बोट केलं आणि अध्यक्षीय आवाजात म्हणाला, "फनकगान!"

फनकगान म्हणजे कर्मचारी. बँकेच्या, पोस्टाच्या काउंटरवर हा शब्द लिहिलेला असतो, सतरा वर्षांत तो कधीतरी त्याच्या कानावर पडला असणार. अख्खा वॉर्ड हसला. कोळ्याला टाके होते, तो पोट धरून "अगं आई गं" करत हसला. त्याची बायको ओरडली, "खरं बोलले हो आजोबा! पगार विचारा की कोणीतरी!"

"का हसताहेत हे?" गॉर्डन लाल झाला.

"तू तिला पुन्हा नोकर म्हणालास."

दुसऱ्या वेळीही तो तेच बोलला. तिसऱ्या वेळी मी एकेक अक्षर त्याच्याकडून पहिलीच्या मास्तरणीसारखं घोकून घेतलं. "फन. र. या." कपाळावर घाम, आवाज चिरका, पण आला शब्द एकदाचा.

नर्सने सुमालीला विचारलं, "खरं का, मावशी?"

सुमालीने ओले हात नीट पुसले. "ते म्हणताहेत तर लिहा. बरे झाले की निराळं म्हणतील, तेव्हा खोडा." आणि तिने सही केली. स्वच्छ, वळणदार, पूर्ण नावाची.

ऑपरेशन चांगलं झालं. ज्या दवाखान्यात तो कुत्रं नेणार नव्हता तिथल्या तरुण सर्जनने असं काम केलं होतं की मी टाके बघून मनात सलाम केला. गॉर्डन म्हणाला, "नशीब माझं चांगलं."

एकवीस दिवस सुमाली चटईवर झोपली. त्याला भाताची पेज नको होती, टोस्ट हवा होता, म्हणून ती रोज घरी जाऊन टोस्ट करून रुमालात गुंडाळून आणायची. भांडं द्यायची, पुसायची, पावडर लावायची. तो तिच्यावर इंग्रजीत खेकसायचा, ती त्याच्याकडे बघत थाईत कोळिणीला काहीतरी सांगायची आणि दोघी पदर तोंडाला लावल्यासारख्या हसायच्या. मंडळातून भेटायला एकटा बर्नार्ड आला. नाकाला रुमाल लावून दारातच उभा राहिला, मोठ्या अक्षरांचं शब्दकोड्यांचं पुस्तक माझ्याकडे देऊन पळाला.

घरी सोडताना चालायला आधार हवा होता. सुमालीने गल्लीतल्या बौद्ध विहारातून वॉकर आणला. विहारात खाटा, चाकाच्या खुर्च्या, वॉकर गरजूंना वापरायला देतात, वहीत नाव लिहायचं आणि काम झालं की परत करायचं. पाच आठवडे ती सकाळ-संध्याकाळ त्याला अंगणात चालवत होती. बुधवार आला तसा गॉर्डन म्हणाला, मला मंडळात जायचंय.

सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. सुमाली त्याला खुर्चीत बसवून त्याच्या मागे वॉकर धरून उभी राहिली. आत येण्याची ती तिची पहिलीच वेळ होती. बसायला खुर्ची तेव्हाही कोणी दिली नाही.

गॉर्डनला कंठ फुटला. सरकारी दवाखान्यात त्याने म्हणे सगळ्यांना शिस्त लावली. डॉक्टरला चार प्रश्न विचारले तसा डॉक्टर नीट वागायला लागला. "या लोकांशी ठाम राहायचं," तो म्हणाला. "मी त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोललो."

माझ्या घशात चहा अडकला.

"पण तुझं करायला कोण होतं रे?" बर्नार्डने विचारलं.

"कामवाली होती ना," गॉर्डन म्हणाला. "नीट शिकवून तयार केल्या तर वाईट नसतात या बाया."

सुमालीने पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढून त्याच्यापुढे टेबलावर मांडली. मग इंग्रजीत बोलली. तिचं इंग्रजी आमच्या बर्नार्डपेक्षा स्पष्ट होतं.

"मिस्टर गॉर्डन, पांढरी गोळी सकाळी. पिवळी जेवणानंतर. छोटी झोपताना, अर्धीच. घराची किल्ली कुंडीखाली आहे. कामवाली आजपासून काम सोडते आहे."

"सू, हा काय तमाशा?"

"सुमाली," ती म्हणाली, आणि वॉकर घडी करून काखेत घेतला.

"अगं, तो कुठे नेतेस? मी चालू कसा?"

"विहाराच्या वहीत माझं नाव आहे. परत करायला मला जावं लागणार. तुम्हाला हवा असेल तर तुम्ही तिथे जाऊन मागा. त्यांच्याच भाषेत."

ती गेली. पाण्याचे ग्लास घेऊन उभी असलेली एक बाई हळूच बाजूला सरकली, तिला वाट द्यायला. बाहेर मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला, कमी ऐकू येणाऱ्यांनीसुद्धा. गॉर्डनला घरी न्यायला मग चौघं लागले. खुर्चीसकट उचलून गाडीत घातला तेव्हा बर्नार्डची पाठ धरली, ती अजून धरलेली आहे.

पुढच्या बुधवारी गॉर्डनने मंडळाला सांगितलं की त्यानेच तिला काढून टाकलं, कारण ती डोक्यावर बसायला लागली होती. म्हाताऱ्यांनी माना डोलवल्या. मी म्हटलं, "खोटं बोलतोस, गॉर्डन. आम्ही सगळे इथेच बसलो होतो." त्यावर कोणीतरी घाईघाईने चीजचा विषय काढला.

त्याने बाई हवी म्हणून सांगून ठेवलं. तिघी येऊन घर बघून गेल्या, दारातून बाहेर पडताना तिघींनी सुमालीला फोन केला, आणि परत कोणी आलं नाही. फेब्रुवारीपर्यंत त्याने डब्यातली बीन्स खाल्ली. मार्चमध्ये मुलाने लेस्टरच्या एका वृद्धाश्रमात खोली घेतली आणि गॉर्डन गेला. निरोपाच्या भाषणात म्हणाला, हा देश आता पूर्वीसारखा राहिला नाही. आता बर्नार्ड अध्यक्ष आहे. तो वाकत नाही, एवढाच काय तो फरक.

मी मंडळात जायचं सोडलं. एप्रिलात आगगाडीने फेत्चबुरीला गेले, सुमाली तिथे बहिणीबरोबर बाजारात अंड्या-नारळाच्या गोड वड्यांचे ट्रे विकते. मला बघून तिने काही आनंद बिनंद दाखवला नाही. गिऱ्हाईक संपवलं, मग एक स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"गेले का ते?" तिने विचारलं.

"गेला."

"छोटी गोळी अर्धी घ्यायची, हे तिकडे सांगितलंय ना कोणी?"

"माहीत नाही," मी म्हटलं. मग बराच वेळ शब्द जुळवून तिच्या भाषेत म्हणाले, "सुमाली, मी इतकी वर्षं तुला आत बोलवायला हवं होतं."

"हो, हवं होतं, नोरीनताई," ती म्हणाली. माझी समजूत वगैरे काढली नाही. एक वडी कापून कागदावर ठेवली, पैसे मोजून घेतले आणि म्हणाली, "पुढच्या वेळी सकाळी या. दुपारी मी झोपते."