सर्वांनी वर जावे

भोंगाताईंना वहिनी डोळ्यांसमोर नको असायची, आणि नशीब असं की ती दिवसभर डोळ्यांसमोरच असायची. जिल्ह्याच्या पूर नियंत्रण कक्षात वहिनीची खुर्ची काचेच्या खोलीत, ताईंची बाहेर, माइकपाशी. पुराचे इशारे लाऊडस्पीकरवरून वाचायचं काम त्यांचं. आवाज असा खणखणीत, की टोपणनाव त्यावरूनच पडलेलं. एवढी वर्षं इथे झिजल्या त्या, आणि कक्षाची प्रमुख झाली कोण? तर धाकट्या भावाची बायको!

घरीही सुटका नव्हती. नदीकाठच्या खालच्या आळीत त्या आईबरोबर राहायच्या. आईचे गुडघे शेकायच्या त्या, औषधं आणायच्या त्या. आणि रविवारी टेकडीवरच्या वसाहतीतून वहिनी तासभर येऊन गेली, की आईच्या तोंडी आठवडाभर तिचंच पुराण. "सूनबाई कशी सगळं निभावते गं! एवढं मोठं ऑफिस!" ताईंच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. आणि लेक काय, शेकायच्या पिशवीसारखी खुंटीला टांगून ठेवायची?

अशात वरून तपासणी पथक येणार असं कळलं. पूर आला तर जिल्हा वेळेत सावध होतो का, माणसं हलतात का, हे ते रंगीत तालीम घेऊन पाहणार होते. वहिनीनं बोटी पाण्यात उतरवून पाहिल्या, सायरन दुरुस्त करून घेतले आणि खालच्या आळीसाठीचा इशारा स्वतः बसून लिहिला. आदल्या दिवशी तो ताईंच्या पुढ्यात ठेवला.

"ताई, एकदा नजर घाला ना. तुम्ही तिथल्याच."

इशारा छोटासाच होता. 'नदीला पूर येत आहे. सायरन ऐकताच सर्वांनी वर जावे.'

ताईंची नजर त्या 'वर'वर अडली. वहिनीच्या लेखी वर म्हणजे टेकडी, टेकडीवरची शाळा. खालच्या आळीत वर म्हणजे गच्ची. कपडे वाळत घालायला वर, भांडण झालं की रुसून बसायला वर. शाळेला तिथे जन्मात कुणी वर म्हटलं नव्हतं. सगळी आळी गच्चीवर चढणार, हे ताईंना लख्ख दिसलं. 'शाळेत जावे' एवढं लिहिलं की काम झालं असतं. ते त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं.

तेवढ्यात वहिनी हसून म्हणाली, "काल आईंना सांगितलं पथक येतंय म्हणून. तर म्हणाल्या, तू असल्यावर काळजी कसली!"

"झकास लिहिलंयस," ताई म्हणाल्या. "काही बदलू नकोस."

होऊ दे फजिती. तालीम तर आहे, कुणी बुडणार थोडंच होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी सायरन झाला. ताईंनी इशारा वाचला, आवाजात जराही कसूर ठेवली नाही, आणि मजा बघायला शाळेपाशी आल्या. पथक फाटकात उभं होतं. आत आलं ते एक कुत्रं. खाली आळीत मात्र गच्चीगच्चीवर माणसं उभी राहून पथकाला हात हलवत होती, आपण पास झालो या आनंदात.

"मॅडम, धरणाचे दरवाजे उघडले तर या गच्च्या पाण्याखाली जातात," पथकप्रमुख सगळ्यांदेखत वहिनीला म्हणाले. "तुम्ही माणसं चढवलीत कुठे?"

वहिनीचा चेहरा उतरला. ताईंना बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, फार बरं वाटलं.

मग शेजारणीचा फोन आला. आई गच्चीवर चढून बसलीये, तिला उतरता येत नाहीये. दोघी धावत निघाल्या.

आई पाण्याच्या टाकीला टेकून, गुडघे धरून बसली होती.

"कुणी सांगितलं होतं चढायला?" ताई कडाडल्या. "तालीम होती ना!"

"तूच तर सांगितलंस," आई म्हणाली. "तुझा आवाज आला आणि उठले. दुसऱ्या कुणाचा असता तर जागची हलले नसते. अख्खी आळी तुझ्या आवाजावर चढली बघ."

ताईंनी टाकीकडे पाहिलं. आज खरंच पाणी आलं असतं, तरी आई अशीच चढली असती आणि अशीच टाकीला टेकून बसली असती.

दोघींनी तिला दोन्ही बाजूंनी धरलं. जिन्यात वहिनी हळूच म्हणाली, "ताई, चूक माझीच. पण वाचताना तुम्हाला काही खटकलं नाही का?"

"काहीतरीच काय!" आई सुनेवर डाफरली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. "तिला खटकलं असतं, तर गप्प बसली असती का माझी लेक?"

ज्या शब्दांसाठी ताईंनी जीव टाकला होता, ते असे भर जिन्यात मिळाले. मान खाली घालून ते घेता आले असते.

"खटकलं होतं," ताई म्हणाल्या. आवाज इतका बारीक, की वरच्या पायरीलाही ऐकू गेला नसता. आईला गेला.

आई थांबली. तिनं लेकीच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

"सूनबाई," ती म्हणाली, "तूच धर गं."